गाऱ्हाणे ऐकणारा किनारा

घाटावरून कोकणात उतरणाऱ्या जैन प्रवाशाने खारेपाटणला थोडे थांबावे. वाघोटणच्या खाडीच्या वरच्या टोकाशी असलेले हे गाव आज महामार्गावरून चटकन मागे पडते. परंतु त्याचे वय फार मोठे आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट याच गावी मिळाला. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येथील जैन मंदिराचा उल्लेख आहे. समुद्रावरून गलबतांनी आलेला माल आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल यांची जेथे गाठ पडे, तेथे व्यापारी वसला, आणि व्यापारी वसला तेथे जिनमंदिर उभे राहिले. व्यापाराच्या वाटा पुढे बदलल्या, पेठ ओसरली. मंदिरातील दर्शन मात्र थांबले नाही.

खारेपाटणहून कणकवली, तेथून कसाल आणि मग उजवीकडे वळून मालवण असा हा रस्ता दिवाळीच्या व नाताळाच्या सुटीत कोल्हापूर, सांगली, निपाणी, पुणे येथील गाड्यांनी भरून जातो. त्यांत व्यापारी कुटुंबे पुष्कळ असतात, आणि अशा कुटुंबाच्या गाडीत एक जागा बहुधा आजोबांची किंवा आजींची असते. गाडी थांबते, मुले धावत सुटतात, सूनबाई पाण्याच्या बाटल्या काढतात, मुलगा फोनवर दुकानाची चौकशी करीत उतरतो. आजोबा मात्र खिडकीतून बाहेर पाहतात आणि म्हणतात, "तुम्ही जाऊन या. मी इथेच बसतो."

हे वाक्य घरात कोणाला खटकत नाही. वय झाले, गुडघे दुखतात, गर्दी सोसत नाही, असे म्हणून सारे पुढे जातात. कधी कधी कारण खरोखरच गुडघ्याचे असते. कधी ते गुडघ्याच्या बरेच वर, मनात असते. मालवणचा किनारा पाहताना या दुसऱ्या कारणाचाही विचार करावा, असे पुष्कळ काही या प्रदेशात आहे.

खाऱ्या पाण्यातले गोडे पाणी

मालवणच्या धक्क्यावरून समोर दिसतो तो सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाची पायाभरणी केली. किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकापाशी त्या वेळी पूजा झाली, असे मानले जाते. सुमारे ४८ एकरांच्या बेटाला वेढणारी ही तटबंदी सागराच्या लाटा साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ सोशीत उभी आहे. महाद्वार असे वळवून बांधले आहे की अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. आणि चहूबाजूंना खारा समुद्र असताना दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे.

किल्ल्यात आजही थोडी कुटुंबे राहतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की प्रवाशांच्या होड्या बंद होतात आणि बेट किनाऱ्यापासून तुटल्यासारखे होते. जवळ असून तुटलेले असणे म्हणजे काय, हे तटावरून मालवणचे दिवे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. भरल्या घरातील वृद्धांची अवस्थाही पुष्कळदा अशीच असते. शेजारच्या खोलीत हसणे-बोलणे चालू असते, ताटे वाढली जात असतात, पण मधली होडी बंद असते.

कुलूप लावलेली आणि न लावलेली घरे

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातील एक लहान जिल्हा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची व राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. २००१ साली ती सुमारे ८ लाख ६९ हजार होती, २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख ५० हजार भरली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आढळल्या. या आकड्यांचा अर्थ गावात शिरल्यावर कळतो. कर्ता पुरुष मुंबईला, मुलगा पुण्याला, नात शिक्षणासाठी आणखी कोठे. आणि चिऱ्याच्या घराच्या पडवीत आजी एकटी. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या माणसाला येथे 'चाकरमानी' म्हणतात. गणपतीला चाकरमानी येतो, घर भरते, भजने होतात, आणि विसर्जनानंतर काही दिवसांतच पुन्हा अंगण सुने होते.

म्हणून कोकणातील म्हातारपण शांत व सुखी असते, ही शहरी समजूत पुरती खरी नाही. समुद्र, माड आणि स्वच्छ हवा यांनी एकटेपण भरून निघत नाही. निघत असते तर या गावांतील वृद्धांना दिवसभर फोनच्या घंटीकडे कान लावून बसावे लागले नसते.

तरीही येथील अनेक वृद्धांच्या दिवसाकडे पाहण्यासारखे आहे. सूर्य उगवण्यापूर्वी खळ्यात झाडू फिरतो. खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. मग विहिरीचे पाणी, माडांच्या आळ्यांना शिंपणे, पडलेली झावळी ओढून आणणे, सुपारी वाळत घालणे, उन्हाळ्यात आमसुले घालणे, फणसाच्या गऱ्यांची साठे करणे. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून कोठे निघाला ते विचारणे हाही त्या दिनक्रमाचाच भाग. यांपैकी कोणतेही काम 'व्यायाम' म्हणून केले जात नाही. पण वाकणे, उठणे, चालणे, ऊन अंगावर घेणे, दोन माणसांशी बोलणे हे सारे त्यात येऊन जाते. आणि मुख्य म्हणजे सकाळी उठण्यास एक कारण असते. माडाला पाणी घालायचे आहे, एवढेही कारण पुरते.

पेढीवरून निवृत्त झालेल्या व्यापाऱ्याजवळ नेमके हेच उरत नाही. चाळीस-पन्नास वर्षे ज्याने दुकानाचे कुलूप स्वतः उघडले, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून उधारी द्यावी की नाही हे ओळखले, त्याच्यासमोर एके दिवशी संगणक येतो, जीएसटीची विवरणपत्रे येतात, मागणी व्हॉट्सॲपवर येते. मुलगा प्रेमाने म्हणतो, "बाबा, आता तुम्ही आराम करा." आराम मिळतो. मान मिळतो. जेवण वेळेवर मिळते. मात्र "बाबा, हे कसे करायचे?" असे विचारणारे कोणी राहत नाही. घरातील आजींचेही तेच. स्वयंपाकघर सुनेच्या हाती गेले, पापड-लोणचे बाजारातून येऊ लागले, आणि ज्या हातांनी सारे घर सांभाळले त्यांना कोणते काम उरले नाही.

वैराग्य आणि आजार

जैन घरांत या अवस्थेला एक फसवे नाव मिळण्याचा संभव असतो. आजोबांनी बोलणे कमी केले, दुकानाचा विषय सोडला, गोडाची आवड गेली, लग्नकार्यास जाणे टाळले, की कोणी आदराने म्हणते, "आता त्यांना वैराग्य आले आहे." वैराग्य ही थोर गोष्ट आहे, म्हणूनच हे नाव जपून वापरावयास हवे. विरक्त माणसाचे मन हलके असते. तो सामायिकात रमतो, लहानांशी प्रेमाने बोलतो, त्याची क्षमा वाढलेली असते. नैराश्यात मन जड होते. ज्या स्तवनाने डोळ्यांत पाणी येई ते ऐकूनही काही वाटत नाही; मंदिरात जाण्याची इच्छाच उरत नाही; आपण घरावर ओझे झालो आहोत हा विचार पुन्हा पुन्हा येतो. शास्त्रकारांनी आर्तध्यान आणि धर्मध्यान वेगळी सांगितली. प्रियाचा वियोग, अप्रियाचा संयोग, शरीराची वेदना यांभोवती घोटाळत राहणारे चिंतन आर्तध्यानात मोडते. ते मनाला बांधून ठेवते, सोडवीत नाही. परंतु नैराश्याने ग्रासलेल्या वृद्धाला हा शब्द दोष म्हणून ऐकवणे अन्यायाचे होईल. मधुमेह जसा कोणी आळसाने ओढवून घेत नाही, तसे नैराश्यही कोणी धर्मश्रद्धा उणी पडल्यामुळे ओढवून घेत नाही. तो आजार आहे, आणि त्यास उपचार आहेत.

तो किती लपून राहतो, हे 'लासी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पाहणीने दाखवून दिले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये ही पाहणी झाली. ४५ वर्षे व त्यावरील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती तीत घेतली गेली. ठराविक प्रश्न विचारून पाहिले तेव्हा साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. डॉक्टरांनी आपणांस नैराश्याचे निदान केले आहे असे सांगणारे मात्र एक टक्काही नव्हते. बाकीचे आपापल्या घरी "मी इथेच बसतो" असे म्हणत होते.

वृद्धांचे नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. पहाटे तीनला येणारी जाग, मंदावलेली भूक, घटलेले वजन, कोठे ना कोठे सतत दुखणे, विसराळूपणा, चिडचिड अशा वाटांनी ते बाहेर येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस असे चालले, तर डॉक्टरांना दाखवावे. तपासणीत शरीराकडेही पाहिले जावे. थायरॉइडचा दोष मंदपणा आणतो. ऐकू कमी येऊ लागलेला माणूस संभाषणातून हळूहळू अंग काढून घेतो आणि घरच्यांना ते औदासीन्य वाटते. शाकाहारी घरांनी तर बी-१२ या जीवनसत्त्वाची आठवण विशेष ठेवावी. ते वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहाऱ्याला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. वाढत्या वयात ते अंगी लागणे कमी होते, आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. त्याच्या कमतरतेने थकवा, विस्मरण व खिन्नता येऊ शकते. एका रक्ततपासणीत हे कळते.

तेरेखोलच्या पलीकडे

मालवणहून दक्षिणेला निघालेला प्रवासी वेंगुर्ल्यास पोहोचतो. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली होती; पुढे घाटमाथ्याचा पुष्कळ माल याच बंदरातून जाई. आज वेंगुर्ल्याचे नाव आंबा-काजूच्या कलमांसाठी आणि १९५७ पासून चालू असलेल्या फळ संशोधन केंद्रासाठी घेतले जाते. आणखी खाली रेडी, आणि मग तेरेखोलची खाडी. ती ओलांडली की गोवा. सिंधुदुर्गातील रुग्णांना मोठ्या दुखण्यासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची वाट पाठ आहे. वृद्धांच्या नैराश्याविषयीचा एक मोलाचा धडाही याच गोव्याने दिला.

गोव्यात १९९६ साली 'संगथ' ही संस्था सुरू झाली. मानसोपचाराचे डॉक्टर थोडे आणि दुःखी माणसे पुष्कळ, या अडचणीवर तिने एक साधा मार्ग काढला. गावातल्याच सामान्य माणसांना शिकवून समुपदेशक करावे, हा तो मार्ग. सरकारी आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर केलेल्या अशा एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या उपचाराचे सूत्र असे की मन लागेल तेव्हा काम करू, अशी वाट पाहत बसू नये. छोटे, आवडीचे काम ठरवून करावे. मन त्यामागून लागते.

यानंतर डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील साठीपुढील १८१ जणांकडे पाहिले. त्यांना नैराश्य पूर्णपणे जडलेले नव्हते, पण त्याची चाहूल लागली होती. निम्म्यांना नेहमीचीच वैद्यकीय सेवा मिळाली. उरलेल्यांना तिच्या जोडीला एक शिकवलेला समुपदेशक भेटत राहिला. तो कोणती गूढ विद्या वापरीत नव्हता. आज डोक्यावर कोणती अडचण आहे, ती कशी सोडवता येईल, हे तो त्यांच्याबरोबर बसून ठरवी. झोपेची घडी बसवून देई: उठण्याची वेळ रोज एकच, झोप आल्यावरच अंथरुणावर जाणे, झोप नसताना लोळत न पडणे. मधुमेह, रक्तदाब यांची काळजी स्वतः कशी घ्यावी ते सांगे, आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवण्यास हातभार लावी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात नेहमीच्या सेवेतील गटापैकी सुमारे १४ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आले. समुपदेशक भेटत राहिलेल्यांत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास राहिले.

अभ्यास लहान होता, तरी त्यातले शहाणपण प्रत्येक घराला झेपण्याजोगे आहे. चांगल्या सवयी सांगणारी चोपडी हातात देऊन त्या माणसांना घरी पाठवले गेले नाही. त्या सवयींबरोबर एक माणूस पाठवला गेला, जो पुन्हा येऊन "कसे चालले आहे?" असे विचारणार होता.

दिवसाला आकार

या दृष्टीने श्रावकाच्या परंपरागत दिनचर्येकडे पाहिले तर तिचे एक वेगळे मोल ध्यानात येते. सूर्योदयाबरोबर उठणे, पायी दर्शनास जाणे, अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक, दुपारी स्वाध्याय, सूर्यास्तापूर्वी जेवण, संध्याकाळी प्रतिक्रमण. त्यात चालणे आहे, सकाळचे ऊन आहे, ठरलेल्या वेळा आहेत, रात्री पोट हलके आहे, आणि मंदिरात वा स्थानकात रोज भेटणारी माणसे आहेत. धर्म आत्म्यासाठी आहे. पण त्याने घालून दिलेला दिवस शरीरालाही मानवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा वृद्धांसाठी सल्लाही फार वेगळा नाही: आठवड्यात निदान १५० मिनिटे जरा वेगाने चालण्यासारखी हालचाल, आणि तीन दिवस तोल व बळ राखणारे व्यायाम.

मात्र काही ठिकाणी सावध असावे. रात्रीची गोळी चौविहारामुळे परस्पर वगळली जाऊ नये. तिची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी उपवासाआधी सल्ला घ्यावाच. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून किंवा बरे वाटू लागले म्हणून ती आपल्या मनाने सोडू नयेत. आणि वृद्धाने आहार तोडला, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर त्याला त्यागाचे नाव देऊन गप्प बसू नये. धर्मातील त्याग जागृत व प्रसन्न मनाचा असतो. आजारी मनाची निराशा निराळी. अशा वेळी त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते.

व्हय म्हाराजा

मालवणच्या उत्तरेस आचरे हे रामेश्वराचे गाव. दर काही वर्षांनी येथे 'गावपळण' होते. देवाचा कौल मिळाला की सारे गाव तीन दिवस व तीन रात्रींसाठी वेशीबाहेर जाऊन राहते. गुरेढोरे, कोंबड्या, तान्ही मुले आणि म्हातारी माणसे, सारी निघतात. झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात, उघड्यावर चुली पेटतात, रात्री भजने रंगतात. या प्रथेमागची श्रद्धा ज्याची त्याने पाहावी. पण एवढे खरे की त्या तीन दिवसांत गावातील कोणी वृद्ध "तुम्ही जाऊन या" असे म्हणू शकत नाही. त्यालाही निघावेच लागते, आणि त्याला उचलून नेण्यास माणसे असतात.

याच मुलखात गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. कार्यारंभी, जत्रेत, गणपतीपुढे गावातील जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने बोलू लागतो. कोणाचे काय अडले आहे, कोणाच्या लेकराला काय दुखते आहे, कोणावर काय संकट आले आहे, ते सारे तो सर्वांसमक्ष सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" देवाने ऐकले की नाही ते देव जाणे, गावाने ऐकलेले असते. दुःख बोलण्यात तेथे कमीपणा नसतो, आणि ते ऐकून कोणी उपदेश करीत नाही. फक्त 'होय' म्हणतात.

व्यापारी घराला दुःख बोलण्याची सवय नसते. बाजारात पत राखावयाची तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, हे धडे तरुणपणीच गिरवलेले असतात. तोट्याचे वर्षही हसून काढलेला माणूस म्हातारपणी मनाचे दुखणे सांगेल कसा? त्याला विचारावेच लागते, आणि विचारून उत्तर येईपर्यंत बसावे लागते. वैयावृत्त्य, म्हणजे साधूंची, वृद्धांची व आजाऱ्यांची सेवा, हिला जैन परंपरेने आभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. उपवासाच्या पारण्याला सारा समाज जमतो. हे तप मात्र घरातल्या घरात, पाव तास खुर्ची जवळ ओढून करता येते.

सायंकाळी तारकर्लीच्या वाळूत सुटीला आलेली कुटुंबे पसरलेली असतात. दक्षिणेला देवबागजवळ कर्लीची नदी समुद्राला मिळते. सूर्य अजून बराच वर असतो, आणि चौविहार पाळणाऱ्या घरांचे डबे उघडू लागतात: घरून आणलेले ठेपले, येथल्या घरगुती खानावळीत सांगून करून घेतलेली घावणे, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. गाडीजवळ कोठेतरी एक आजोबा बसलेले असतात. अशा वेळी "चला ना, बरे वाटेल" असे म्हटले तर ते बहुधा नकोच म्हणतात. पण नातू येऊन म्हणाला, "आजोबा, हा शहाळेवाला एका नारळाचे एवढे मागतो. बरोबर आहे का? तुम्ही बघा ना," तर पन्नास वर्षे भाव ठरवलेला माणूस काठी शोधू लागण्याचा संभव पुष्कळ असतो.